मुलांचे रोजे आणि डॉक्टर: गैरसमज व वस्तुस्थिती

रमजानचा रोजा पहाटेच्या सहरीच्या जेवणानंतर सुरू होतो आणि सूर्यास्ताला इफ्तारने सुटतो. मधल्या वेळात पाण्याचा घोटही चालत नाही. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो. 2018 साली तो मे-जूनमध्ये आला, तेव्हा मुंबईत रोजा साडेचौदा तासांच्या आसपास होता. फेब्रुवारीत तो 13 तासांवर येतो. साबुदाण्याच्या खिचडीवर निभावणाऱ्या उपासाचा हिशेब इथे लागू पडत नाही.

लहान मुलांनाही रोजे धरावेच लागतात, असे अनेकांना वाटते. रोजा फर्ज (बंधनकारक) होतो तो वयात आल्यावर. त्याआधी मूल हौसेने एखाद-दुसरा धरते. पहिल्या रोजाला काही घरांत रोजाकुशाई होते: नवे कपडे, गळ्यात हार, पाहुण्यांची वर्दळ. एवढ्या कौतुकात चक्कर आली तरी मूल बोलत नाही, म्हणून मोठ्यांनीच लक्ष ठेवावे लागते. आजाऱ्याला सूट खुद्द कुराणात आहे (दुसरी सुरा, आयत 184–185). राहून गेलेले रोजे पुढे भरून काढता येतात.

‘मोठ्यांना झेपते ते मुलांनाही झेपेल’ हेही खरे नाही. शरीराच्या मानाने मुलाचा मेंदू मोठा असतो आणि ग्लुकोज जास्त खातो. यकृतातला साठा मात्र छोटा. त्यामुळे साखर मोठ्यांपेक्षा लवकर उतरते. निरोगी किशोराला रोजा सहसा बाधत नाही, पण उन्हातला खेळ आणि बुडालेली सहरी यांची गाठ पडली की त्रास होतो.

सर्वांत घातक समजूत टाइप 1 मधुमेहाबाबत आहे: ‘खाणे नाही, मग इन्सुलिन कशाला?’ पोट रिकामे असले तरी शरीराला पायाभूत (बेसल) इन्सुलिन लागतेच. ते बंद केले तर कीटोन वाढून कीटोॲसिडोसिस (रक्त आम्लधर्मी होणे) होतो आणि मूल अतिदक्षता विभागात पोहोचते. मात्रा कमी करावी लागू शकते, वेळाही बदलाव्या लागतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे, घरच्या अंदाजाने नव्हे.

बोटाला सुई टोचून साखर तपासली की रोजा तुटतो, या धास्तीने तपासणी टाळली जाते. तपासणीने रोजा तुटत नाही, असेच बहुतेक उलेमांचे (धर्मपंडितांचे) मत आहे. साखर 70च्या खाली गेली किंवा 300च्या वर चढली, तर सूर्यास्ताची वाट न पाहता रोजा सोडायचा असतो.

डॉक्टरांचा गैरसमज वेगळा. ‘रोजे बंद’ असे फर्मावले की जबाबदारी संपली, असे काहींना वाटते. प्रत्यक्षात मूल लपून रोजा धरते आणि इन्सुलिनचा डोसही स्वतःच चुकवते. मुलांच्या मधुमेहावर काम करणाऱ्या ‘इस्पॅड’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2022 मध्ये धार्मिक उपवासांवर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांचा रोख आधी समुपदेशन आणि तयारी करण्यावर आहे. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी भेट घ्यावी, औषधांच्या वेळा सहरी-इफ्तारला जुळवाव्यात, शाळेत कोणाला तरी कल्पना द्यावी. दिवसातून तीनदा घ्यायच्या औषधाला कधी कधी दोनदा चालणारा पर्यायही निघतो.

काही मुलांच्या बाबतीत मात्र नकार ठामच द्यावा लागतो. उपाशीपोटी साखर झपाट्याने कोसळते असे जन्मजात चयापचय विकार असलेली मुले यात येतात. सिकलसेलच्या मुलाला पाणी कमी पडले की वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा वेळी कुटुंबाचा विश्वास असलेल्या मौलानांना डॉक्टरांनी सोबत घेतले, तर तो नकार घरात लवकर पटतो.