शब्द ओठांवर येईनात तेव्हा

कवीची सगळी इस्टेट म्हणजे शब्द. त्या इस्टेटीलाच गळती लागली तर काय होतं, हे मी अर्धं वर्ष अनुभवलं. तेव्हा जे कळत नव्हतं ते पुढे वाचून, डॉक्टरांना विचारून थोडंफार समजलं. तेच आज सांगणार आहे.

२०२१च्या एप्रिलमध्ये मला करोना झाला. ताप पाच दिवस, खोकला दोन आठवडे. दवाखान्यात दाखल व्हावं लागलं नाही. ‘वाचलात!’ असं सगळे म्हणाले, मलाही तसंच वाटलं. पण जून उजाडला तरी काहीतरी बिनसलेलंच होतं. किराणा दुकानात उभा राहिलो आणि ‘हळद’ हा शब्द आठवेना. डोळ्यांपुढे रंग दिसतोय, पण शब्द नाही. शेवटी ‘ते पिवळं द्या’ म्हणालो. दुकानदार हसला, मीही हसलो. पण वर्तमानपत्रातला परिच्छेद शेवटापर्यंत वाचावा, तर सुरुवात निसटलेली असे. नमाजात किती रकात झाल्या, तेही चुकू लागलं. नमाजात विसर पडला तर शेवटी दोन जादा सजदे करायची सोय आहे, त्याला ‘सजदा-ए-सहव’ म्हणतात. माणूस विसरणारच, हे तिथे गृहीत धरलेलं आहे. पण ते रोजच करायची वेळ आली, तेव्हा मात्र मी घाबरलो.

वय पन्नाशीपारचं. मनात एकच भीती, ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नाही? घरात कुणाला बोललो नाही. एके दिवशी बायकोला माझ्या कवितांच्या वहीत एक पान सापडलं. त्यावर मी घरातल्या सगळ्यांची नावं लिहून ठेवली होती. तिचंही. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन. झोप कशी आहे, मन उदास असतं का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, हेही विचारलं. कारण विसराळूपणा यांतल्या कशानेही येऊ शकतो आणि त्यावर इलाज असतो. माझं सगळं ठीक निघालं. मग ते म्हणाले, ‘हा करोनाचा मागे राहिलेला हिशेब आहे.’

या अवस्थेला ‘ब्रेन फॉग’ म्हणतात, म्हणजे मेंदूतलं धुकं. करोनानंतर लांबणाऱ्या दुखण्याची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१मध्ये केली. संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने उलगडा न होणारी लक्षणं, अशी ती व्याख्या आहे. थकवा आणि धाप यांच्या जोडीला स्मरण आणि विचार यांतल्या अडचणीही त्यात आहेत.

आता बिघाड नेमका कुठे होतो? स्मरणशक्ती म्हणजे एकच एक कपाट नव्हे. जुन्या आठवणी वेगळ्या आणि क्षणभर मनात धरून ठेवायच्या गोष्टी वेगळ्या. बेरजेतला हातचा, समोरच्याचं अर्धं वाक्य, झालेल्या रकातींची मोजणी, हे सगळं मनाच्या पाटीवर लिहिलेलं असतं. धुक्यात मुख्यतः ही पाटी आणि आपलं अवधान अधू होतं. माल गोदामात असतो, तो आणून देणारा हमाल थकलेला असतो. म्हणूनच ‘हळद’ मला रात्री अंथरुणावर पडल्यावर आपसूक आठवली.

हमाल का थकतो, याचं एकच कारण नाही. विषाणू मेंदूत शिरलाच पाहिजे असंही नाही. संसर्गाशी लढताना शरीर जी रसायनं सोडतं, त्यांनी मेंदूतल्या राखणदार पेशी जाग्या होतात. लढाई संपली तरी त्या हत्यारं खाली ठेवत नाहीत आणि मज्जापेशींच्या कामात अडथळा येतो, असं शास्त्रज्ञ मानतात. दुसरी गोष्ट रक्तवाहिन्यांची. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक बारीक गाळणी असते. धुक्याची तक्रार असलेल्या रुग्णांमध्ये ती गळकी झाल्याचं डब्लिनच्या संशोधकांना दिसलं. ते संशोधन २०२४मध्ये प्रसिद्ध झालं.

त्याच वर्षी ब्रिटनमधल्या सुमारे १ लाख १३ हजार लोकांच्या बौद्धिक चाचण्यांचे निष्कर्ष आले. करोना होऊन पूर्ण बरे झालेले लोक, करोना न झालेल्यांपेक्षा बुद्ध्यंकाच्या मापाने सरासरी ३ गुणांनी मागे होते. ज्यांची लक्षणं रेंगाळली ते ६ गुणांनी. ही सरासरी आहे, कुणा एकाचं भविष्य नव्हे. लक्षणं रेंगाळून मग थांबलेल्यांची पिछाडी ३ गुणांच्या जवळपासच होती, हा त्यातला दिलासा.

आणि हे करोनापुरतंच नाही. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो भागात तीन वेगवेगळ्या संसर्गांच्या, त्यांतले दोन विषाणूंचे, २५३ रुग्णांचा पाठपुरावा झाला होता. २००६मध्ये त्याचा अहवाल आला. सहा महिन्यांनंतरही १२ टक्के लोक थकवा, अंगदुखी आणि डोकं न चालणं यांनी बेजार होते. जंतू वेगळे, मागे राहिलेली तक्रार सारखी.

मेंदूज्वराची गोष्ट मात्र निराळी. १९८५मध्ये क्लाइव्ह वेअरिंग या ब्रिटिश संगीतकाराच्या मेंदूत नागिणीच्या जातकुळीतला हर्पिस विषाणू शिरला. त्यानंतर त्यांना काही सेकंदांपलीकडचं काही आठवेना. बायको दिसली की वर्षांनी भेटल्यासारखा आनंद व्हायचा. पण पियानो वाजवता येत होता, कारण हातांची आठवण मेंदूत दुसरीकडे राहते. म्हणून तापात माणूस बरळू लागला, गोंधळला, झटके आले, तर थांबू नका. त्याच घडीला रुग्णालय गाठा. या विषाणूवर औषध आहे, पण ते वेळेत मिळायला हवं.

धुक्यावर मात्र अजून हमखास गोळी नाही. मला डॉक्टरांनी साध्या गोष्टी सांगितल्या. एका वेळी एकच काम. लागेल ते लिहून ठेवणं. झोपेची वेळ ठरलेली. आणि मुख्य म्हणजे, बरं वाटलं त्या दिवशी आठवड्याचं काम उरकायचं नाही. मी तेच केलं होतं आणि पुढचे चार दिवस अंथरुणात काढले होते. नोव्हेंबरपर्यंत धुकं बरंचसं विरलं. सगळ्यांचं इतक्यात विरतं असं नाही. काहींना वर्षं लागतात.

घरच्यांना एक विनंती. ‘लक्ष कुठे असतं तुमचं?’ असं अशा माणसाला विचारू नका. त्यालाही तेच शोधायचं असतं. मी आता कविसंमेलनात पाठ असलेली कवितासुद्धा कागदावरून वाचतो. आणि नावांचं ते पान वहीत अजून आहे. बायकोने ते फाडू दिलं नाही. तिच्या नावाखाली तिने स्वतःच्या अक्षरात माझं नाव लिहून ठेवलंय.