घरगुती वनस्पतीयुक्त मत्स्यालयातील दैनंदिन प्रकाशनियोजन : वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
पाण्याखालील वनस्पती केवळ प्रकाशातच प्राणवायूचे बुडबुडे सोडतात, हे यान इंगेनहाउझ या शास्त्रज्ञाने १७७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले. चंचुपात्र, नरसाळे व हायड्रिला यांच्या साहाय्याने शाळेत होणारा प्रयोग याच तत्त्वावर आधारलेला आहे. घरगुती मत्स्यालयात मात्र वनस्पतींबरोबर मासेही असतात. त्यामुळे दिवा किती वेळ लावावा, हा प्रश्न केवळ शोभेचा न राहता माशांच्या जीविताशी निगडित होतो. प्रस्तुत लेखात वाशिम जिल्ह्यातील परिस्थितीच्या अनुषंगाने त्याचा विचार केला आहे.

प्रकाशाचा कालावधी :
वाशिम सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथील दिवस जूनमध्ये सुमारे १३ तास २० मिनिटांचा, तर डिसेंबरमध्ये सुमारे ११ तासांचा असतो. दिवाही तितकाच वेळ लावावा, असा समज आढळतो. परंतु सूर्यप्रकाश सकाळ-संध्याकाळ मंद असतो, दिव्याचा प्रकाश मात्र अखंड एकसारखा असतो. पाण्यातील कर्बवायू व पोषकद्रव्ये मर्यादित असल्याने वनस्पती जादा प्रकाशाचा उपयोग करू शकत नाहीत आणि त्याचा लाभ शैवाल घेते. म्हणून नव्या मत्स्यालयास प्रारंभीचे काही आठवडे ६ तास व वनस्पती रुजल्यावर ८ तास प्रकाश द्यावा; १० तासांची मर्यादा सहसा ओलांडू नये. खिडकीतून थेट ऊन येत असल्यास प्रथम टाकीची जागा बदलावी.

अंधार आणि उन्हाळा :
दिवा मालवल्यावर प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन मात्र चालूच राहते. वनस्पती, मासे व जीवाणू हे सर्वच प्राणवायू वापरतात. कर्बवायू साचून पाण्याचा सामू उतरतो. अंधाराच्या अखेरीस प्राणवायू सर्वांत कमी असतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांस हे प्रमाण सुमारे ७.५ मिलिग्रॅमपर्यंत घटते. वैदर्भीय उन्हाळ्यात म्हणूनच रात्री हवेचा पंप चालू ठेवणे आवश्यक ठरते. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागल्यास तो धोक्याचा इशारा समजावा.

खंडित वीजपुरवठा :
२००० नंतरच्या दशकात विदर्भाच्या ग्रामीण भागाने प्रदीर्घ भारनियमन अनुभवले. आजही वादळी पावसात वीज खंडित होते. साधा यांत्रिक टायमर विजेअभावी थांबतो व तितकाच मागे पडतो. रोज २ तास वीज गेल्यास सहा दिवसांत तो १२ तासांनी चुकतो आणि दुपारी लागणारा दिवा मध्यरात्री लागतो. यास्तव अंतर्गत बॅटरी असलेला इलेक्ट्रॉनिक टायमर वापरावा. वीज गेल्याने बुडालेले तास रात्री दिवा चालू ठेवून भरून काढू नयेत. एखाद्या दिवशीच्या अपुऱ्या प्रकाशाने निरोगी वनस्पती मरत नाहीत. हवेच्या पंपासाठी मात्र बॅटरीची पर्यायी सोय अवश्य असावी.

निष्कर्ष :
दुपारी १ ते रात्री ९ हे वेळापत्रक बहुतेक कुटुंबांस सोयीचे ठरेल. त्यात बदल करावयाचा झाल्यास तो एकदम न करता आठवड्यास अर्ध्या तासाने करावा व पानांची वाढ आणि काचेवरील शैवाल यांचे निरीक्षण ठेवावे. प्रकाशाच्या विपुलतेपेक्षा त्याची नियमितता आणि अंधारातील प्राणवायूची तरतूद यांवरच मत्स्यालयाचे आरोग्य अवलंबून असते.