जंगलातला पाचोळा जातो कुठे?

फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीच्या पानझडी जंगलात गेलात, तर सागाच्या वाळक्या पानांचा थर पायाखाली कुरकुरतो. तेथे झाडलोट करायला कोणी नसते. तरीही वर्षानुवर्षे पाने गळून झाडांची खोडे पाचोळ्यात बुडालेली दिसत नाहीत. मग हा पाचोळा जातो कुठे?

“कुजतो!” असे तुम्ही चटकन सांगाल. बरोबर. जिवाणू आणि बुरशी तो कुजवतात, हेही तुम्हांला ठाऊक असेल. पण त्यांना हे काम एकट्याने जमते का?

इंग्लंडमधील रॉदमस्टेड येथील एडवर्ड्स व हीथ या शास्त्रज्ञांनी याविषयीचा एक सुंदर प्रयोग १९६३ साली प्रसिद्ध केला. ओक व बीच या झाडांच्या पानांच्या चकत्या त्यांनी नायलॉनच्या जाळीदार पिशव्यांत घालून जमिनीत पुरल्या. काही पिशव्यांची भोके ७ मिलिमीटरची होती. त्यांतून गांडुळेही आत शिरत. काहींची अवघी ०.००३ मिलिमीटरची, त्यांतून फक्त सूक्ष्मजीवच जाऊ शकत. नऊ महिन्यांनंतरही या बारीक जाळीतील चकत्या दिसायला जशाच्या तशा होत्या! मोठ्या भोकांच्या पिशव्यांतील पाने मात्र झपाट्याने नाहीशी झाली.

असे का व्हावे? पानावर मेणचट आवरण असते, आत लिग्निन हे चिवट द्रव्य असते. गांडुळे आणि हात लावताच वेटोळे करणारे पैसा किडे पान कुरतडून त्याचा भुगा करतात. आता थोडे गणित करू. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच १ मिलिमीटर बाजूचे हजार घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर. पदार्थ तेवढाच, पण सूक्ष्मजीवांना काम करायला जागा दहापट!

पान कुजले की त्यातील नत्र, स्फुरद, पालाश मातीत मोकळे होतात आणि मुळांवाटे पुन्हा झाडात जातात. पाचोळा पेटवला, तर त्यातील बराचसा नत्र वायुरूपाने उडून जातो आणि मातीतील हे कामकरीही होरपळतात. म्हणजे झाडाची पुढची शिदोरीच आपण जाळतो.

हा प्रयोग तुम्हीही करू शकाल. पावसाळ्याच्या तोंडावर सारख्या वजनाची वाळकी पाने दोन पिशव्यांत भरा. एक कांद्याच्या जाळीची, दुसरी दाट विणीच्या नायलॉन कापडाची. दोन्ही शेजारी-शेजारी मातीत पुरा. दिवाळीच्या सुट्टीत उघडा, उरलेली पाने झटकून वाळवा आणि पुन्हा वजन करा. गांडुळांची कामगिरी तराजूच सांगेल.