म्हाताऱ्या ताऱ्याचे वस्तुमान कसे काढतात?

शर्मिष्ठा तारकासमूहात, अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसणारा म्यू कॅसिओपिए हा तारा आहे. अंतर अवघे 25 प्रकाशवर्षे. त्याच्या वर्णपटातल्या लोहाच्या रेषा मात्र फिकट आहेत. हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी साऱ्या मूलद्रव्यांना खगोलशास्त्रज्ञ सरसकट ‘धातू’ म्हणतात. हे धातू ताऱ्यांच्या पोटात बनले आणि पिढ्यान्‌पिढ्या आकाशगंगेच्या वायूत मिसळत गेले. म्यूमध्ये लोह सूर्याच्या सहाव्या हिश्शाहूनही थोडे कमी आहे. म्हणजे तो फार पूर्वी जन्मला असावा.

नेमके वय काढायला वस्तुमान लागते. एकट्या ताऱ्याचे वस्तुमान थेट मोजणे जवळपास अशक्य; म्यूला सुदैवाने जोडीदार आहे. म्यू आकाशात सरळ न सरकता किंचित डुलत जातो, हे 1961 मध्ये निकोलस वॅगमन यांनी जाहीर केले. डुलवणारा सोबती म्हणजे एक मंद लाल खुजा तारा. मुख्य ताऱ्याच्या झगमगाटातून तो वेगळा टिपणे अवघड होते. हबल दुर्बिणीने जवळपास दोन दशके दोघांच्या जागा नोंदवल्या.

आता हिशेब. दोघांमधले सरासरी अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे 7.5 पट आणि एका फेरीला सुमारे 21.5 वर्षे. केप्लरच्या नियमानुसार अंतराचा घन भागिले काळाचा वर्ग: 422 भागिले 462, म्हणजे 0.91. दोघांचे मिळून वस्तुमान सूर्याच्या 0.91 पट.

वाटणी कशी करायची? मोठी आणि धाकटी बहीण फुगडी घालतात तेव्हा मोठी लहान वर्तुळात फिरते, धाकटी मोठ्या. इथे सोबत्याची कक्षा म्यूच्या कक्षेच्या चौपटीहून थोडी मोठी आहे. त्यावरून म्यूचे वस्तुमान 0.74 आणि सोबत्याचे 0.17 निघते.

हे वस्तुमान, तेजस्विता आणि धातूंचे प्रमाण ताऱ्यांच्या उत्क्रांतीच्या गणितात घातले, की वय येते 12.7 अब्ज वर्षे, कमी-अधिक 2.7 अब्ज. फरक मोठा वाटतो, पण वस्तुमानात थोडीशी चूक झाली तरी वयात ती कितीतरी पटींनी वाढते. म्हणूनच सूर्याजवळच्या धातुदरिद्री ताऱ्यांमध्ये जोड्या शोधायच्या, आणि सापडलेल्या जोडीची एक तरी फेरी पुरी होईपर्यंत मोजणी चालू ठेवायची.