तक्रार रास्त, पण दार चुकीचे

वरच्या मजल्यावरून होणारी गळती, वाहने उभी करण्याच्या जागेचे वाटप, हिशेब दाखवण्यास टाळाटाळ, सदनिका हस्तांतरित करताना मागितली जाणारी भरमसाट रक्कम... सहकारी गृहनिर्माण संस्थांमधील सभासदांच्या तक्रारी साधारणतः याच स्वरूपाच्या असतात. सचिव दाद देत नाहीत असे दिसताच अनेक सभासद थेट उपनिबंधकांच्या कार्यालयात अर्ज देतात आणि विषय या कार्यालयाच्या अधिकारकक्षेत येत नसल्याचे उत्तर घेऊन परततात. तक्रार रास्त असते. चुकलेले असते ते दार. त्यात गेलेला वेळ मात्र भरून निघत नाही. निवडणुकीचा वाद, उदाहरणार्थ, निकालापासून ठरावीक मुदतीतच सहकार न्यायालयात दाखल करावा लागतो.

महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांवर शासनाची देखरेख असते ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 अन्वये. 2019 मध्ये या अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट करण्यात आले. पुण्यातील सहकार आयुक्त व निबंधक हे या यंत्रणेचे प्रमुख असून, विभागीय सहनिबंधक, जिल्हा उपनिबंधक आणि स्थानिक पातळीवरील उपनिबंधक वा सहायक निबंधक अशी तिची रचना आहे. तथापि, निबंधक हे संस्थेचे कारभारी नव्हेत. संस्थेतील सर्वोच्च अधिकार सर्वसाधारण सभेकडेच असतो. कारभार कायदा आणि उपविधी यांना धरून चालतो की नाही, एवढेच पाहणे हे निबंधकांचे काम.

त्यामुळे सभासदत्व नाकारणे, नामनिर्देशनाची नोंद न करणे, दप्तराच्या प्रती न देणे, लेखापरीक्षण न करणे, मुदतीत निवडणूक वा वार्षिक सभा न घेणे हे विषय निबंधकांकडे नेता येतात. सभासदत्वाच्या अर्जावर संस्थेने तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदारास सभासद मानण्याची तरतूद कायद्यात आहे. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा 25 हजार रुपये, तर सदनिका भाड्याने दिल्यास आकारावयाच्या बिनभोगवटा शुल्काची मर्यादा सेवाशुल्काच्या 10 टक्के अशी 2001 च्या शासन आदेशांनी ठरवून दिली आहे. त्याहून अधिक मागणी झाल्यास निबंधकांकडे दाद मागता येते.

सभेने वा समितीने केलेले ठराव, झालेली निवडणूक, वाहनतळ, दुरुस्ती आणि गळती यांविषयीचे वाद मात्र कलम 91 नुसार सहकार न्यायालयापुढे जातात. गळतीच्या बाबतीत आधी उगम पाहावा लागतो. पावसाचे पाणी किंवा बाहेरील सामाईक नळ यांमुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती उपविधींनुसार संस्थेच्या खर्चाने होते. अनधिकृत बांधकामाबद्दल महापालिका, धमकी वा मारहाणीबद्दल पोलीस, तर विकासकाने करारभंग केल्यास दिवाणी न्यायालय अशी आदर्श उपविधींतील विभागणी आहे. विकासक जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून देत नसल्यास मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करता येतो.

यांपैकी कोणत्याही दारी जाण्यापूर्वी संस्थेकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. समितीने लगतच्या बैठकीत निर्णय घेऊन तो 15 दिवसांत तक्रारदारास कळवणे अपेक्षित आहे. पुढील प्रत्येक पायरीवर ही पोच उपयोगी पडते.

निबंधकांचे अधिकार कमी नाहीत. ते दप्तर ताब्यात घेऊ शकतात, कलम 83 खाली चौकशी लावू शकतात आणि कलम 88 खाली झालेले नुकसान पदाधिकाऱ्यांकडून वसूल करण्याचा आदेश देऊ शकतात. गंभीर कसुरीबद्दल समिती दूर करण्याचीही तरतूद आहे. परंतु या प्रक्रियेत नोटीस आणि सुनावणी अनिवार्य असल्याने कागदपत्रांचा आधार नसलेली तक्रार टिकत नाही. देखरेखीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. मासिक देणी थकवणाऱ्या सभासदाविरुद्ध संस्थेला वसुली दाखला देणारे अधिकारीही निबंधकच. म्हणून वाद असला तरी देणी थांबवणे अंगलट येते.

माहितीचा अधिकार थेट संस्थेविरुद्ध वापरता येईल, हाही एक सार्वत्रिक गैरसमज. केवळ निबंधकांचे नियंत्रण असल्यामुळे सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये दिला. निबंधक कार्यालयाकडील माहिती मात्र या कायद्याखाली मागता येते आणि सभासद म्हणून इतिवृत्ते व हिशेब पाहण्याचा हक्क सहकार कायद्याने दिलेलाच आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. हिशेबावरचा प्रश्न तेथे विचारून तो इतिवृत्तात नोंदवून घेतला, तर वर्षभराने निबंधकांपुढे तोच पुरावा ठरतो. सभेला गैरहजर राहून नंतर शासनदरबारी खेटे घालणाऱ्या सभासदाकडे नेमका हाच कागद नसतो.