गुठळी मेंदूत, उगम हृदयात

येत्या 29 ऑक्टोबरच्या जागतिक पक्षाघात दिनाला ‘साडेचार तासांत रुग्णालय गाठा’ हा संदेश पुन्हा सगळीकडे झळकेल. तो हवाच. पण मेंदूत अडकलेली गुठळी अनेकदा हृदयातून आलेली असते, याबद्दल फारच कमी बोललं जातं.

हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला अंगठ्याएवढी एक पिशवी असते. तोंड अरुंद, आत स्नायूंचे उंचवटे, दुसरीकडून वाट नाही. कप्पा तालात आकुंचन पावतो तोवर ती दर ठोक्याला रिकामी होते. ‘एट्रियल फिब्रिलेशन’मध्ये मात्र कप्पा मिनिटाला साडेतीनशेहून जास्त वेळा नुसता थरथरतो आणि पिशवीत रक्त साचतं. अन्ननलिकेत नळी उतरवून इको केला, की कधी कधी तिथलं रक्त पडद्यावर राखाडी, संथ घुमताना दिसतं. डॉक्टर त्याला ‘स्मोक’ म्हणतात. गुठळी व्हायला मग फार काही लागत नाही. ज्यांच्या झडपा ठीक आहेत, त्यांच्या या कप्प्यातल्या दहापैकी नऊ गुठळ्या याच पिशवीत सापडतात. फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासाने 1991 मध्ये अशा रुग्णांत पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असल्याचं दाखवलं.

म्हणूनच धडधड थांबली की रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर बंद करणं मला सर्वांत घातक वाटतं. हा धोका धडधडीवर नाही; वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा झटका यांवर ठरतो. अ‍ॅस्पिरिनवर भागवणंही तसंच. 2011 च्या चाचणीत अ‍ॅपिक्साबॅन ही रक्त पातळ ठेवणारी नवी गोळी घेणाऱ्यांना अ‍ॅस्पिरिनवाल्यांच्या निम्म्याहून कमी झटके आले, आणि मोठा रक्तस्राव जवळपास तेवढाच झाला.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने ज्यांची मायट्रल झडप अरुंद झाली आहे, त्यांना अशा नव्या गोळ्या चालत नाहीत. 2022 च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत अशा रुग्णांमध्ये जुन्या पद्धतीच्या औषधावर मृत्यू कमी झाले. म्हणजे वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रोम, आणि त्यासोबत रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणारी पीटी-आयएनआर तपासणी नियमित. साधारण 2 ते 3 हा आकडा राखायचा, तर तपासणी जवळ हवी. एका थेंबासाठी जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, आणि तपासणी राहते ती तिथेच. ग्रामीण रुग्णालयात साखरेइतक्या सहज ही तपासणी झालीच पाहिजे. या औषधासाठी मेथी-पालक सोडायचीही गरज नाही. फक्त आठवड्यागणिक प्रमाण सारखं ठेवायचं, आणि दुखण्यावरची कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही.