उडालेला रंग जुळवताना

जुन्या मारुती 800चा ग्लोव्ह बॉक्स काढून त्याची आतली बाजू उजेडात धरावी. कारखान्यातून निघाली तेव्हा गाडी आतून कशी दिसत होती, ते तिथे कळते. मग तोच रंग दाराच्या पॅडवर, खांबांवरच्या पट्ट्यांवर, सीटबेल्टच्या झाकणावर शोधावा. सापडत नाही. खिडकीखालची कड पिवळी पडलेली, खांबावरची पट्टी पांढुरकी, स्टिअरिंगखालचे झाकण मात्र जवळपास जसेच्या तसे. एकाच दिवशी, एकाच रंगाचे म्हणून बसवलेले हे भाग वीस-पंचवीस वर्षांत एकमेकांना ओळखेनासे झालेले असतात. हे प्लॅस्टिक पुन्हा रंगवून देणाऱ्या कारागिराचे काम इथून सुरू होते. स्प्रेगन चालवणे सरावाने येते. यांतला कोणता रंग खरा मानायचा, हे ठरवायला नजर लागते.

बाहेरच्या रंगाची गोष्ट तुलनेने सोपी. पत्र्यावरच्या रंगाला कंपनीचा कोड असतो, तो सांगितला की पेंटवाला मशीनवर डबा तयार करून देतो. आतल्या प्लॅस्टिकचा रंग वरून मारलेलाच नसतो. साच्यात ओतण्याआधी प्लॅस्टिकच्या दाण्यांतच तो मिसळलेला असतो, आणि त्याचा फॉर्म्युला पेंटच्या दुकानात सहसा मिळत नाही. फियाट 1100च्या जमान्यात डॅशबोर्ड पत्र्याचा होता, तो बाहेरच्या रंगाच्याच डब्यातून रंगवता यायचा. डिसेंबर 1983मध्ये मारुती 800 आली आणि घरोघरच्या गाडीचा आतला भाग प्लॅस्टिकचा झाला. 2014च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबेपर्यंत देशात 25 लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. त्यांतल्या ज्या अजून चालतात, त्यांची इंजिने दुरुस्त करणारे गल्लोगल्ली आहेत. आतल्या प्लॅस्टिकला हात लावणारे थोडे.

रंग उडतो म्हणजे नेमके काय होते? पुढची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते आणि तो पापुद्रा बहुतेक अतिनील किरणे अडवतो. बाजूच्या काचा साध्या टफन्ड असतात, त्यांतून या किरणांचा बराच भाग आत येतो. म्हणून दारांच्या वरच्या कडा आधी जातात. डॅशबोर्डाचा शत्रू उष्णता. कडक उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड 70 अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. एबीएस या प्लॅस्टिकमध्ये लवचीकपणासाठी रबराचा अंश घातलेला असतो. ऊन आणि हवा मिळून आधी तोच अंश खातात, मग भाग पिवळा आणि ठिसूळ होतो. पॉलिप्रॉपिलीन पिवळे कमी पडते, पण त्याचा पृष्ठभाग भुरभुरीत होतो आणि त्यावर पांढरी खडू-खडू छटा येते. काळे भाग जास्त टिकतात, कारण काजळी स्वतःच ऊन झेलते. बेज आणि फिकट राखाडीला ते संरक्षण मिळत नाही, आणि आपल्याकडे बेजची हौस मोठी.

प्लॅस्टिक कोणते आहे हे कळल्याशिवाय डबा उघडायचा नाही. भागाच्या मागे बहुधा कोरलेले असते: पीपी किंवा एबीएस. नसेल तर कोपऱ्याचा तुकडा पाण्यात टाकून पाहतात. पॉलिप्रॉपिलीन तरंगते, एबीएस बुडते. मात्र शंखजिऱ्याची पूड घातलेले पॉलिप्रॉपिलीनही बुडू शकते, तेव्हा मागच्या बाजूला, न दिसेल अशा ठिकाणी, ॲसिटोनचा बोळा लावतात. एबीएस चिकट होते, पॉलिप्रॉपिलीनला काहीच होत नाही. एवढी खटपट का, तर पॉलिप्रॉपिलीनवर रंग धरतच नाही. सरळ मारलेला रंग नखाने सालीसारखा निघून येतो. त्याला आधी खास प्लॅस्टिक प्रायमरचा पातळ हात द्यावा लागतो, जो प्लॅस्टिकलाही धरतो आणि रंगालाही. उलट एबीएसवर जहाल थिनर पडले तर त्यात केसासारख्या चिरा पडतात. दोन्ही भाग दिसायला सारखे असतात, म्हणून घाईत काम करणारा इथेच फसतो.

त्याहून जास्त त्रास देते ते वर्षानुवर्षे चोळलेले पॉलिश. वॉशिंग सेंटरवर डॅशबोर्ड चमकवायला जे लावतात, त्यात बऱ्याचदा सिलिकॉन असते. ते खाचाखाचांत मुरते आणि त्यावर रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे उमटतात. म्हणून धुणे हाच कामाचा मोठा भाग. साबण आणि मऊ ब्रश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, फडके दर वेळी नवे, कारण जुने फडके पुसत नाही, पसरवते. हीट गनने तापवून काळे प्लॅस्टिक क्षणात टवटवीत करण्याची युक्ती पुष्कळांना माहीत आहे. ती गडद भागावर थोडे दिवस चालते, पण खराब झालेला थर तिथेच राहतो. मी ती दुरुस्ती मानत नाही.

मग येते दाणेदार पोत. चामड्यासारखी दिसणारी ती नक्षी साच्याच्या पोलादावर कोरलेली असते आणि तिची खोली मिलिमीटरच्या अंशात मोजावी लागते. पॉलिश पेपरने जोरात घासले की ती जाते आणि परत येत नाही. रंगाचे जाड हात दिले तरी ती बुजते आणि भाग खेळण्यातल्या गाडीचा वाटू लागतो. म्हणून स्कफ पॅडने हलके घासून, गन लांब धरून, धुक्यासारखे पातळ हात द्यायचे. पहिल्या हातानंतर जुना रंग खालून दिसलाच पाहिजे. तो झाकायची घाई झाली की काम बिघडले.

शेड काढताना मात्र सगळ्यांत जास्त वेळ द्यावा असे मला वाटते. बेज म्हणजे पांढऱ्यात यलो ऑक्साइड, थोडे रेड ऑक्साइड आणि नावापुरता काळा. पांढरा रंग वाटीत भरपूर, बाकीचे काडीच्या टोकाने. काळ्याचा एक थेंब जास्त पडला तर पिवळ्याशी मिळून तो हिरवट झाक देतो. नवशिका मग आणखी पांढरा ओततो आणि वाटीभर फिकट हिरवा रंग घेऊन बसतो. जाणता कारागीर रेड ऑक्साइडचे टोक बुडवतो, हिरवटपणा मरतो. वाटीतल्या ओल्या रंगावर तो विश्वास ठेवत नाही. तुकड्यावर मारून, वाळवून, मूळ भागाला कडेला कड लावून बघतो, कारण मॅट रंग वाळला की चमक जाते आणि तोच रंग फिकट दिसतो. चमक जुळली नाही तर रंग बरोबर असूनही डोळा तो चूक ठरवतो.

उजेडही फसवतो. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेले दोन तुकडे उन्हात वेगळे पडतात, कारण कंपनीची रंगद्रव्ये वेगळी आणि कारागिराची वेगळी. म्हणून शेवटचा निकाल गाडीतच, काच बंद करून, दुपारच्या उजेडात. रंग मोजणारी यंत्रे आहेत आणि सपाट पत्र्यावर ती चांगली चालतात, पण दाणेदार, मॅट प्लॅस्टिकवर पोताची सावलीही मोजमापात उतरते.

आणि जुळवायचे कशाशी? सगळी गाडी उघडायची असेल तर ग्लोव्ह बॉक्सच्या आतला मूळ रंग घ्यावा. एकच दार रंगवायचे असेल तर मूळ शेड म्हणजे चूक. शेजारच्या, उन्हाने बदललेल्या भागाचा आजचा रंग घ्यायचा. मालक अनेकदा "नवीनसारखे करा" म्हणतो. चांगला कारागीर त्याला दोन तुकडे दाखवून समजावतो आणि मगच गन उचलतो.

पर्याय म्हणून भंगारातला भाग आणता येतो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे जुने सुटे भाग मिळतात. पण तेही तितकेच उन्हात तापलेले, आणि जुनी प्लॅस्टिकची खुंटी काढतानाच तुटते. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पहिल्या मारुती 800ला ती पायरी गाठायला 2033 उजाडेल. तोवर या गाड्यांना ना वारशाचा मान, ना कंपनीचे नवे ट्रिम. जे मूळ प्लॅस्टिक आज फेकले जाते ते पुन्हा घडणार नाही, कारण त्याचा साचाच बहुधा उरलेला नसतो. म्हणूनच एका दाराच्या पॅडसाठी दिवसभर वाटीवर वाकणाऱ्या माणसाचे मोल मला फार वाटते.

काही कारागीर भाग बसवण्याआधी त्याच्या मागच्या बाजूला मार्करने लिहून ठेवतात: कोणता रंग किती, प्रायमर कोणता, तारीख. प्रत्येकाने ते लिहावे. पुढच्या वेळी दार उघडणाऱ्याला शेड शून्यापासून काढावी लागणार नाही, आणि नव्याने रंगवायचा दुसरा भाग त्याच वाटीच्या हिशेबाने जुळेल.